जलरंगात डाग पडला की आधी हात मागं

जलरंगातली बरीच चित्रं डागामुळे बिघडत नाहीत, डाग पुसायला धावलेल्या हातामुळे बिघडतात. माझ्या रविवारच्या वर्गात बँकेतले लोक आहेत, निवृत्त शिक्षिका आहेत, एक दंतवैद्य आहेत. आकाशात ओघळ आला की सगळे सारखंच वागतात. आधी टिश्यू, मग ओला ब्रश, मग पुन्हा टिश्यू. पाच मिनिटांत त्या जागी कागदाचा लगदा होतो आणि तो मात्र खरंच दुरुस्त होत नाही.

ही सवय शाळेपासूनची. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांसाठी आपण पोस्टर कलर घोटले. रेषेबाहेर जायचं नाही, रंग सपाट बसला पाहिजे. तिथे ते चालतं, कारण तो रंग अपारदर्शक असतो; चुकलं तर वर दुसरा थर दिला की झाकलं. जलरंगात खालचा थर वरून दिसतोच. त्यामुळे झाकण्याचा विचार सोडायचा आणि पाण्याचा हिशेब शिकायचा.

आमचे सर कोल्हापूरचे. पंचगंगेच्या घाटावर आम्हाला रंगवायला बसवून मागून फेऱ्या मारायचे. कुणाचा रंग वाहायला लागला की म्हणायचे, "हात मागं घे." आणि खरोखरच दोन्ही हात पाठीशी बांधायला लावायचे. विद्यार्थ्याच्या कागदाला त्यांनी कधी स्वतःचा ब्रश लावला नाही. काही दाखवायचं असेल तर खिशातून चिठोरं काढून त्यावर दाखवायचे. मग प्रश्न यायचा, "ह्यातलं ठेवायचं काय?" काय चुकलं ते आम्ही पाठ करून बसलेलो असायचो, काय ठेवायचं हे सांगताना ततपप व्हायचं. आज मी वर्गात हाच प्रश्न विचारते आणि लोक तसेच गप्प होतात.

तर, हात मागे घेतल्यावर कागद डोळ्यांच्या रेषेत तिरका धरा आणि चमक बघा. कागद ओलाचिंब चमकत असेल तर रंग अजून पाण्यात तरंगतोय, म्हणजे वेळ आहे. ब्रश धुऊन, फडक्यात पिळून त्याचं टोक ओघळाच्या खालच्या थेंबाला नुसतं टेकवा. ब्रश तो थेंब शोषून घेईल. घासायचं नाही. नाहीतर बोर्ड थोडा कलता करा आणि रंगाला त्याच्या वाटेनं जाऊ द्या.

चमक मंदावली की खरा धोका. कागद अर्धवट सुकलाय, आणि अशा वेळी जास्त पाणी असलेला ब्रश टेकला की पाणी अर्धवट बसलेले रंगकण बाहेर ढकलतं. कडेला दातेरी रेघ उमटते, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी. ब्रश कागदापेक्षा कोरडा असला पाहिजे, हा नियम यासाठीच. पण डाग पडून गेलाच असेल तर तो पूर्ण सुकेपर्यंत काहीही करू नका. पूर्ण म्हणजे किती? हाताची मागची बाजू कागदाला लावा. गार लागला तर आत पाणी आहे. कोल्हापुरात एप्रिलमध्ये हे काही मिनिटांत उरकतं. आषाढात चहा होतो, गप्पा होतात, तरी कागद गारच.

सुकल्यावर ठरवा. कित्येकदा ती दातेरी कड लांबच्या झाडीची कड म्हणून चालून जाते, मग तिला हात लावायचा नाही. नकोच असेल तर जरा राठ केसांचा ब्रश ओलसर करून कड हळू चोळा आणि लगेच टिश्यूनं टिपा. किती निघेल हे रंगावर अवलंबून आहे. अल्ट्रामरीन, सेरुलियन, मातीचे रंग बऱ्यापैकी सुटतात. थॅलो ब्लू आणि अलिझरिन क्रिमसन कागदात मुरतात, त्यांच्याशी झटापट करू नका. कागद ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा, जाड), कॉटनचा असेल तर हे सगळं सोसतो. साध्या कार्ट्रिजवर, म्हणजे नेहमीच्या ड्रॉइंगच्या कागदावर, लव निघते.

गढूळपणाची गोष्ट वेगळी. चार-पाच रंग एकमेकांत कालवून राखाडी चिखल झाला की लोक तो उजळायला आणखी रंग घालतात. थांबा. सुकू द्या आणि शेजारी स्वच्छ, गडद रंगाचा एकच पट्टा द्या. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी, दोन्ही मिसळून, बस. बाजूला ठाम रंग आला की तो चिखल सावलीत जमा होतो.

पांढरं गेलं तर मात्र अवघड. पारदर्शक जलरंगात पांढरा म्हणजे कोरा कागद. चित्रकार सा. ल. हळदणकरांचं म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, दिवा धरलेल्या तरुणीचं चित्र बघा. तो उजेड जलरंगातला आहे. जागा भरून गेल्यावर दोन उपाय उरतात, सुक्या जाड कागदावर ब्लेडचं टोक ओढणं किंवा पांढरा अपारदर्शक रंग. दुसऱ्या उपायाला नाक मुरडणारे आहेत. मी त्यांच्यातली नाही, पण पाण्यावरची चकाकी ब्लेडनंच छान येते.

आणि सगळ्याच चुकांना कवटाळू नका. हल्ली जो तो चुकीला 'हॅपी ॲक्सिडेंट', म्हणजे पथ्यावर पडलेली चूक, म्हणतो. घाटाच्या पायऱ्यांचं पर्स्पेक्टिव्ह चुकलं तर ते चुकलं. कितीही सुंदर ओघळ आला तरी पायऱ्या घसरलेल्याच दिसणार. सर असं चित्र उलटं टेकवून दहा पावलं मागे जायला लावायचे. रेखाटन चुकलेलं असेल तर पाठकोरा वापरा, रंग तपासायला तो उत्तम.

डागाची भीती घालवायची तर मुद्दाम डाग टाका. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये अलेक्झांडर कझन्स नावाचे चित्रकलाशिक्षक होते, ईटनच्या शाळेतही त्यांनी शिकवलं. शाईचे डाग टाकून त्यांतून निसर्गचित्र रचायची पद्धत त्यांनी १७८५ च्या सुमारास छापून काढली. घरी करायला सोपी आहे. मनात ढोबळ विषय ठेवा, समजा डोंगर आणि नदी. जाड ब्रशनं काळी शाई भराभर कागदावर टाका, तपशील आखू नका. सुकल्यावर वर ट्रेसिंग पेपर ठेवून जे आकार उपयोगी वाटतात तेवढेच उचला, बाकीचे सोडा. इथेही प्रश्न सरांचाच, ठेवायचं काय. काहीच दिसत नसेल तर कागद उलटा फिरवा. तरीही नाहीच दिसलं तर दुसरा डाग टाका, शाई काही महाग नाही.