जुन्या लाकडी फ्रेममध्ये फोटो लावताय? या चुका टाळा

नागपुरात महाल-इतवारीकडे एखादा जुना वाडा उतरवला की त्यातल्या सागवानी फ्रेम कबाड्याकडे येतात, आणि आजच्या एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या) पट्ट्यांपेक्षा त्यांचे लाकूड निश्चितच सरस असते. मात्र अशी फ्रेम घरी आणल्यावर बहुतेकांचे सगळे लक्ष तिच्या दर्शनी बाजूवर, म्हणजे रंगावर आणि चकाकीवर जाते. छायाचित्राचा संबंध येतो तो आतल्या बाजूशी. काच, ती बसते ती लाकडातली खाच आणि मागचा पुठ्ठा यांच्यामध्ये कोंडलेल्या हवेत ते वर्षानुवर्षे राहते, आणि लाकूड, रंग वा गोंद जे काही सोडतात ते सगळे याच हवेत साठते. खाली दिलेल्या बहुतेक चुकांचे मूळ या दुर्लक्षात आहे.

जुना रंग कोरडा घासणे

पहिली चूक सर्वांत घातक आहे. भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांच्या आत ठेवण्याचे बंधन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यामुळे त्यापूर्वी रंगवलेल्या कोणत्याही फ्रेमवर, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या तैलरंगावर, शिसे आहे असे गृहीत धरूनच हात लावावा. कोरड्या पॉलिश पेपरने घासल्यास उडणारी बारीक धूळ श्वासातून आणि हातांवरून पोटात जाते, आणि लहान मुले व गर्भवती यांना तिचा धोका सर्वाधिक असतो. हीट गनने किंवा ज्योतीने रंग जाळून काढणे त्याहून वाईट.

रंग घट्ट असेल तर तो काढूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ओल्या फडक्याने स्वच्छ करून त्यावरच नवा थर द्यावा. काढणे अपरिहार्य असेल, तर पृष्ठभाग ओला ठेवून वॉटरप्रूफ पेपरने घासावे, एन-९५ मास्क वापरावा (रुमालाने काही होत नाही), खाली प्लास्टिक अंथरावे, निघालेला गाळ कुंडीत किंवा अंगणात न टाकता गुंडाळून बांधावा आणि त्या दिवशीचे कपडे वेगळे धुवावेत.

बाजारात मिळणाऱ्या अनेक पेंट रिमूव्हरमध्ये मेथिलीन क्लोराइड हे लवकर उडून जाणारे द्रावक असते. त्याचा उत्कलनबिंदू सुमारे ४० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात बंद डब्यात दाब तयार होतो आणि झाकण उघडताच फवारा तोंडावर येऊ शकतो. श्वासावाटे शरीरात गेल्यावर त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, म्हणून बंद खोलीत ते कधीही वापरू नये. हे काम हिवाळ्यात, गच्चीवर, हातमोजे घालूनच करावे.

सोनेरी फ्रेम पाण्याने पुसणे

नक्षीदार सोनेरी फ्रेमच्या वर्खाखाली बहुधा खडू आणि सरस यांचा थर असतो. पाणी लागताच तो विरघळतो आणि नक्षी हातात येते. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. त्यापलीकडे काही करायचे असल्यास आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाहावे.

वाळले म्हणजे पक्के झाले, असे समजणे

विदर्भात जवस सहज मिळते आणि जवसाच्या तेलाने सागवान सुंदर दिसते, हे खरे. परंतु हे तेल हवेतील ऑक्सिजन घेऊन घट्ट होते आणि त्या क्रियेत अनेक आठवडे आम्ल व पेरॉक्साइडसारखी द्रव्ये सोडत राहते. चांदीच्या क्षारांवर आधारलेल्या जुन्या कृष्णधवल प्रिंटवर यामुळेच पिवळेपणा आणि कडेची आरशासारखी चमक येते. आम्लाचे हार्डनर घातलेल्या मेलामाइन पॉलिशमधून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडतो. फोटोच्या फ्रेमसाठी चपड्याचे (लाखेचे) स्पिरिट पॉलिश किंवा पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक क्लिअर हे तैलरंगापेक्षा बरे पर्याय आहेत. तरीही शेवटच्या थरानंतर किमान चार आठवडे फ्रेम उघड्यावर ठेवावी. ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात किंवा मोठ्या पॉलिथिन पिशवीत रात्रभर बंद करून सकाळी उघडावी, आणि वास आल्यास पुन्हा हवेवर ठेवावी.

जवस तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकणे ही वेगळीच चूक आहे. तेल घट्ट होताना उष्णता निर्माण होते आणि ती गोळ्यात अडकल्यास चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. बोळे उघड्यावर पसरून वाळवावेत, अथवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाकावेत.

पॉलिश बिघडल्यास कारण बहुधा सरळ असते. पावसाळ्यात चपड्यावर पांढरट झाक आली, तर ती अडकलेल्या दमटपणाची असते. कोरड्या दिवशी स्पिरिटचा किंचित ओला बोळा हलक्या हाताने फिरवल्यास ती जाते. सागवानावर तेलाचे व्हार्निश चिकटच राहिले, तर लाकडातील नैसर्गिक तेल त्याला वाळू देत नाही. ते काढून थिनरने पुसावे आणि आधी चपड्याचा एक थर द्यावा. फ्रेमखाली पिठासारखी पूड पडत असल्यास घूण (लाकूड पोखरणारा किडा) बहुधा जिवंत आहे. काच काढलेली फ्रेम पॉलिथिनमध्ये घट्ट बंद करून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवल्यास किडे मरतात.

खाच तशीच सोडणे

खाच म्हणजे काच आणि पुठ्ठा जिथे बसतात ती आतली पायरी. तिथे उघडे लाकूड असते, पॉलिशचे ओघळ साचतात आणि जुन्या गोंदाचे थर असतात. हे खरवडून खाचेत ॲल्युमिनियम फॉइलची चिकटपट्टी लावावी. समोरून दिसणार नाही इतक्या रुंदीची पट्टी पुरते आणि लाकडापासून प्रिंट वेगळी राहते. जुना हार्डबोर्ड, वर्तमानपत्र आणि करडा पुठ्ठा यांना पुन्हा आत जागा देऊ नये. फक्त 'ॲसिड-फ्री' लिहिलेला बोर्ड पुरेसा नाही. फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट (साहित्यामुळे फोटो बिघडतो का हे पाहणारी चाचणी), म्हणजे आयएसओ १८९१६, उत्तीर्ण झालेला बोर्ड मागावा. प्रिंट फेविकॉल वा सेलोटेपने न चिकटवता पॉलिएस्टरच्या कोपऱ्यांत बसवावी. काच पुसताना द्रव फडक्यावर घ्यावे, कारण काचेवर फवारलेले पाणी कडेने आत जाते.

काच प्रिंटला टेकू देणे

प्रिंटवरचा जिलेटिनचा थर ओलाव्याने मऊ होऊन काचेला चिकटते. नागपुरात याला पावसाळ्याइतकाच उन्हाळ्यातला कूलर कारणीभूत आहे, कारण त्याच्या थेट झोतात टांगलेली फ्रेम बाहेर कोरडे ऊन असतानाही दमट हवेत राहते. खिडकीचा माउंट (मधोमध चौकोन कापलेला जाड बोर्ड) किंवा काच आणि प्रिंट यांत अंतर राखणारी सुमारे ३ मिलिमीटरची पट्टी, म्हणजे स्पेसर, ठेवावा, मागच्या कोपऱ्यांना कॉर्कचे तुकडे लावून भिंतीपासून अंतर राखावे, आणि कूलरसमोरची, स्वयंपाकघरालगतची व पश्चिमेकडे उन्हाने तापणारी भिंत टाळावी. आजोबांचा एकच मूळ फोटो असेल तर त्याची प्रत फ्रेम करून मूळ अंधारात ठेवावे, कारण उजेडाने झालेली झीज भरून निघत नाही.

जुन्या फ्रेममधली प्रिंट आधीच काचेला चिकटलेली असेल, तर ती ओढू नये, वाफही देऊ नये. काचेसकट स्कॅन करून घ्यावी आणि काच तशीच ठेवून जाणकार संवर्धकाकडे न्यावी.