कानाच्या कूर्चेत मोठं भोक हवंय? आधी माप ठरवा, मग टोचा

नाशिकच्या सराफ बाजारात कान टोचायला गेलात आणि पाळी सोडून वरच्या कडेवर बोट ठेवलंत, तर दुकानातले काका बहुधा विचारतील, "भिकबाळी घालायचीय का?" त्यांचं चुकत नाही. पुरुषांनी भिकबाळी आणि बायकांनी बुगडी कानाच्या वरच्या भागात घालायची पद्धत आपल्याकडे जुनीच. पण ती भोकं तारेपुरती, जेमतेम मिलिमीटरभर. इथे विषय आहे तो कूर्चेत, म्हणजे पाळीच्या वरच्या कडक पण लवचिक भागात, तीन, चार, पाच मिलिमीटरचं भोक करून त्यात जाड कडी किंवा टनेल, म्हणजे आरपार दिसणारी पोकळ नळी, घालण्याचा.

तसं तेही नवं नाही. २०२७ च्या कुंभात त्र्यंबकेश्वरला नाथपंथी साधू दिसतील, त्यांचे कान नीट बघा. कानफाट्या जोग्यांची जाड कुंडलं पाळीत लोंबत नाहीत, कानाच्या मधल्या खोलगट भागातल्या कूर्चेत बसवलेली असतात. तिथे चीर एकदाच देतात, जखम भरेपर्यंत कडुनिंबाची काडी ठेवतात आणि मग कुंडल चढवतात. दीक्षाविधी घरी करून बघू नये हे सांगायला नको. पण मोठं भोक एकदाच करायचं, वर्षानुवर्षं ताणत बसायचं नाही, हा त्यातला मुद्दा मला आजही पटतो.

याचं कारण कूर्चेतच आहे. पाळी म्हणजे चरबी आणि त्वचा, त्यात रक्तपुरवठा भरपूर, म्हणून ती सावकाश ताणली जाते. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावर चिकटलेल्या पातळ आवरणातून तिचं पोषण होतं. ती वाकते, पण ताणली जात नाही. जोर लावला की आतल्या आत फाटते, सुजते, गाठ धरते. पाळीतलं भोक ताणून वाढवणारी मंडळी तोच हिशेब वर कूर्चेला लावतात आणि तिथेच फसतात.

माप

दागिन्यांची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा उतरतो तशी जाडी वाढते. १८ गेज म्हणजे साधारण १ मिमी, १६ म्हणजे १.२, १४ म्हणजे १.६, १२ म्हणजे २, १० म्हणजे २.५, ८ म्हणजे ३ च्या थोडं वर, ६ म्हणजे ४ आणि ४ गेज म्हणजे ५ मिमी. कंपन्यांमध्ये थोडा फरक असतो, म्हणून मिलिमीटरमध्येच बोला. दागिना ऑनलाइन मागवणार असाल तर व्हर्नियर कॅलिपरने मोजून घ्या. पाकिटावर काय छापलंय त्यावर जाऊ नका.

शेवटचं माप टोचण्याआधी ठरलेलं हवं. कागदावर ३, ४ आणि ५ मिमीचे काळे ठिपके काढा, कापून कानावर चिकटवा आणि दोन-चार दिवस आरशात बघा. ४ मिमी ऐकायला किरकोळ वाटतं, कानावर ते चांगलंच ठसठशीत दिसतं.

जागा

मोठ्या मापाला कानाची मधली वाटी, म्हणजे कॉन्का, सगळ्यात सोयीची. जागा सपाट आणि रुंद असते, शिवाय झोपताना वरच्या कडेइतका दाब येत नाही. वरच्या वळलेल्या कडेत २.५ मिमीच्या पुढे जायचा मोह टाळा. भोक आणि कानाची कड यांच्यात मांस कमी उरलं की ती पट्टी पातळ होत जाते आणि कडेचा आकारच बिघडतो. कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा, ट्रॅगस, मोठ्या मापासाठी विसरा.

खूण ताठ बसून किंवा उभं राहून करून घ्या, आडवं पडून नाही. खूण केल्यावर हेडफोन, चष्म्याची काडी आणि हेल्मेट घालून बघा. नाशिकमध्ये दुचाकीशिवाय ज्यांचं पान हलत नाही, त्यांनी हेल्मेट सोबत घेऊनच जावं. काढता-घालताना त्याची आतली गादी नेमकी कुठे घासते ते आधी कळलेलं बरं.

कोणाकडून करून घ्यायचं

सोनाराकडे पाळी टोचणं ठीक, हे काम त्याचं नव्हे. टोचायची गन वापरणाऱ्याकडे तर अजिबात जायचं नाही. गनमधला बोथट स्टड कूर्चेतून जोराने घुसवला जातो, कूर्चा चिरडते, आणि गनचं प्लास्टिक ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, टाकता येत नाही.

कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडला टॅटू स्टुडिओ शोधायला निघालात तर भिंतीवरच्या फोटोंवर भुलू नका. विचारा: ऑटोक्लेव्ह आहे का, त्याची स्पोअर टेस्ट, म्हणजे ते खरंच जंतू मारतं का याची चाचणी, होते का, सुई माझ्यासमोर सीलबंद पाकिटातून काढणार का? आणि मुख्य प्रश्न: कूर्चेत एवढ्या मापाचं काम आधी केलंय का, आणि ते भरल्यावरचे, म्हणजे वर्षानंतरचे, फोटो दाखवाल का? ताज्या टोचलेल्या कानाचा फोटो कोणाचाही छानच दिसतो. या प्रश्नांवर समोरचा वैतागला तर उठून या. नाशिकमध्ये जमत नसेल तर मुंबई-पुण्याला जा. एवढ्या लांब जाण्यासारखं हे काम आहे.

वय अठरा पूर्ण असावं. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, किंवा तुम्हाला वा घरात कोणाला केलॉइडचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. केलॉइड म्हणजे जखमेच्या हद्दीबाहेर वाढत जाणारा कठीण व्रण. आपल्यासारख्या सावळ्या त्वचेत तो जास्त आढळतो आणि कान ही त्याची आवडती जागा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या.

प्रत्यक्ष काम

साधारण २.५ ते ३ मिमीपर्यंत पोकळ सुईने भागतं. त्यापुढे डर्मल पंच वापरतात. हे वैद्यकीय साधन आहे. गोल धारदार नळी फिरवत दाबली की तेवढ्या मापाची गोल चकती कापून बाहेर येते. सुईने कूर्चा बाजूला सारली जाते, पंचने ती काढूनच टाकली जाते, म्हणून आजूबाजूला ताण राहत नाही आणि मोठ्या मापात जखम नीट भरते. याची दुसरी बाजू अशी की गेलेला तुकडा परत उगवत नाही. पंचने केलेलं भोक कायमचं समजा. पुढे नकोसं झालं तर शस्त्रक्रियाच करावी लागते. भूल देण्याचं इंजेक्शन डॉक्टरच देऊ शकतो. स्टुडिओत कोणी सिरिंज भरायला लागला तर थांबवा.

पोटभर खाऊन जा. रक्त येतं, कधी बराच वेळ येतं. दागिना जाडीने भोकात नेमका बसेल असा घेतात, त्या दाबाने रक्त थांबायला मदत होते.

पहिला दागिना इम्प्लांट दर्जाच्या टायटॅनियमचा घ्या, एएसटीएम एफ-१३६ असं लिहिलेलं. घरचं २२ कॅरेट सोनं घालायचा आग्रह आई करेल. ते मऊ असतं, त्यावर बारीक चरे पडतात आणि चऱ्यांत घाण धरते, म्हणून ते जखम भरल्यानंतर. चांदी काळी पडते, ॲक्रिलिक निर्जंतुक करता येत नाही, आणि स्वस्त 'सर्जिकल स्टील'मधलं निकेल अनेकांना सोसत नाही.

भरण्याचा काळ

सहा महिने ते वर्ष. मोठ्या मापाला वर्षच धरा. दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाइन, ०.९ टक्क्यांचं. मेडिकलमध्ये छोट्या कुप्या मिळतात त्या घ्या, मोठी बाटली एकदा उघडली की निर्जंतुक राहत नाही. गॉज भिजवून ठेवायचा, खपली सैल झाली की पुसून घ्यायची, मग कोरडं करायचं. हळद-तेल, डेटॉल, स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड यातलं काही नाही. कडी फिरवायची नाही. लहानपणी कान टोचल्यावर आजी रोज फिरवायला लावायची ते विसरा, फिरवल्याने आतली कोवळी त्वचा दर वेळी सोलली जाते. पिवळसर चिकट पाणी येऊन वाळतं, ते पू नव्हे.

झोपायला प्रवासातली गळ्याची उशी घ्या आणि कान तिच्या मधल्या पोकळीत ठेवा. सूज ओसरली की साधारण दीड-दोन महिन्यांनी, सुजेला जागा म्हणून सुरुवातीला घातलेली लांब दांडी बदलून आखूड घालून घ्या. लांब दांडी लोंबत राहिली की भोक तिरकं होतं.

मुहूर्तही बघा, पण पाण्याचा. कूर्चेला होणाऱ्या संसर्गामागे बऱ्याचदा स्युडोमोनास नावाचा, ओलाव्यात वाढणारा जिवाणू असतो. म्हणून रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदात, धप्पा मारायचा असेल तर कान त्यानंतर टोचा. शेकडो माणसं उतरलेल्या त्या रंगाच्या पाण्यात उघडी जखम नेणं म्हणजे संसर्गाला आमंत्रण. रामकुंडातली डुबकी आणि जलतरण तलाव यांनाही तेच लागू. माझ्या मते नाशिकमध्ये रंगपंचमी आटोपली की लगेचचा काळ चांगला, पावसाळ्याची ओल सुरू व्हायला वेळ असतो. घाम मात्र टिपत राहावा लागेल.

तरीही वाढवायचंच असेल तर

किमान वर्ष जाऊ द्या. दुखत नाही, पाणी येत नाही, गाठ नाही, एवढं जुळलं तरच पुढे. एका वेळी अर्धा मिमी, फार तर एक, आणि पुढच्या पायरीआधी निदान तीन-चार महिने. पाळी वाढवणारे दागिन्याला नळाची पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळतात. कूर्चेत ते करू नका. टेपर, म्हणजे निमुळती दांडी, फक्त घालण्याचं हत्यार आहे, ती कानात ठेवून फिरायचं नाही.

गरम पाण्याने अंघोळ झाल्यावर, हात धुऊन, पाण्यात विरघळणारं वंगण लावून गुळगुळीत काचेचा किंवा टायटॅनियमचा प्लग, म्हणजे भोकात बसणारा भरीव दागिना, टेकवा. भोकात शिरणाऱ्या बाजूची कड पसरलेली नको, सरळ असू द्या. वेळ आली असेल तर तो जरासा अडून आत सरकतो. भोकाची कड पांढरी पडली, भाजल्यासारखं झालं किंवा रक्त दिसलं, तर तिथेच थांबून जुनं माप परत घाला. दोन-तीन मिमीच्या पुढे जायचं तर ताणण्यापेक्षा अनुभवी माणसाकडून पंच करून घेणं कानाला कमी त्रासाचं.

डॉक्टरकडे कधी

भोकाशेजारी लहान लाल फुगवटा येणं नेहमीचं. बहुतेकदा तो घासल्याने किंवा दांडी लांब असल्याने येतो, कारण दूर केलं की बसतो. पण कानाचा वरचा भाग लाल, गरम, टरटरून सुजलेला, हात लावू न देणारा झाला आणि पाळी मात्र साधीच राहिली, तर ते कूर्चेच्या आवरणाचं इन्फेक्शन समजा आणि त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. मेडिकलवाल्याकडून नेहमीची अँटिबायोटिक आणून दोन दिवस वाट बघू नका. अमॉक्सिसिलिनसारख्या गोळ्या स्युडोमोनासवर चालत नाहीत, तोवर आत पू साचतो, कूर्चा मरते आणि कान आक्रसून वेडावाकडा होतो. दागिना काढायचा की ठेवायचा हे डॉक्टरच ठरवू देत, कारण तो घाईने काढला तर भोकाची तोंडं मिटून पू आतच कोंडू शकतो. आणि हो, टोचल्यापासून वर्षभर रक्तदान करता येत नाही. शिबिरात फॉर्म भरताना ते लपवू नका.