मश्रूम कोरल आक्रसलं तर आधी काय बघायचं

खाऱ्या पाण्याच्या टँकमधलं मश्रूम कोरल आक्रसलं की बहुतेक जण पहिल्यांदा ते उचलून दुसरीकडे ठेवतात. तेवढं करू नका. मश्रूमचा प्रकार डिस्कोसोमा असो, रोडॅक्टिस असो की रिकॉर्डिया, या जिवाला दगडी सांगाडा नसतो. सगळं अंग पाण्यानं फुगलेलं. काही बिनसलं की ते पाणी सोडून बारीक होतं आणि हात लावला की आणखी बारीक होतं. मी सोलापुरात अशोक चौकाजवळ मोटार रिवाइंडिंग करतो. बंद मोटार आली की आधी मीटर लावतो, मग खोलतो. टँकलाही तोच नियम.

लाइट लागून तासभर झाल्याशिवाय काही ठरवू नका. लाइट विझल्यावर मश्रूम मिटणं नेहमीचंच.

पहिला संशय तापमानावर. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 42-43 ला टेकतो आणि बंद खोलीतल्या टँकचं पाणी बघता बघता तापतं. पाणी 24 ते 26 अंशांवर हवं. बरेच दिवस 28-29 च्या वर राहिलं तर कोरल अंगातलं सूक्ष्म शेवाळ बाहेर टाकतं. तोंडातून तपकिरी धागे निघतात, रंग फिका पडत जातो. अचानक जास्त लाइट पडला तरी असंच होतं, म्हणून नवा लाइट घेतला की निम्म्यावर सुरू करा आणि दोन-तीन आठवड्यांत चढवा. मश्रूमला तसाही मंद उजेड मानवतो.

चिलर, म्हणजे टँकचं पाणी थंड करणारं मशीन, परवडत नसेल तर पाण्यावर आडवा पंखा लावा. उन्हाळ्यात सोलापूरची हवा कोरडी, दोन-तीन अंश सहज उतरतात. जूनमध्ये आभाळ भरलं की तोच पंखा तेवढं काम देत नाही, हे धरून चला. आणि खरी मेख पुढं आहे: पंख्यानं पाणी वाफ होऊन उडतं, मीठ मागं राहतं. दोन दिवस लक्ष नाही दिलं तर खारटपणा वाढलेला असतो. तो 35 पीपीटी (हजार भाग पाण्यात 35 भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्वात साधारण 1.026 वर ठेवायचा. उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरायचं, खारं नाही, आणि तेही रोज थोडं थोडं. एकदम बादली ओतली तर मश्रूम दुसऱ्या कारणानं आक्रसतं. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर 35 पीपीटीच्या द्रावणानं जुळवून घ्या, नाहीतर चुकीच्या आकड्यावर विश्वास ठेवून बसाल.

हे गोडं पाणी कुठलं? नळाला काही दिवसांआड पाणी येणारं आपलं गाव, त्यात क्लोरीन. बोअरचं तर जडच. स्वयंपाकघरातला आरओ टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) शून्यावर आणत नाही, काही मशीन तर मिनरल परत मिसळतात. उरलेले क्षार काढणारा डीआय फिल्टर जोडलेला आरओ हवा, टीडीएस शून्य. नळाला पाणी येईल त्या दिवशीच कॅन भरून ठेवा.

तोंडातून पांढरे बारीक धागे निघाले तर घाबरून ते चिमट्यानं ओढू नका. ते पोटातले पचनाचे धागे असतात, त्यांत डंख मारणाऱ्या पेशीही असतात. दुखापत झाली, फ्लो (पाण्याचा प्रवाह) अंगावर आला किंवा शेजारचं कोरल टेकलं की मश्रूम ते बाहेर काढतं आणि बहुधा स्वतःच आत घेतं. पॉवरहेडचं, म्हणजे टँकमध्ये पाणी फिरवणाऱ्या पंपाचं, तोंड फिरवा, शेजाऱ्यापासून अंतर वाढवा. टँकमध्ये लेदर कोरल असेल तर ॲक्टिव्हेटेड कार्बन टाकाच. लेदर कोरल पाण्यात विषारी द्रव्यं सोडतं, ती कार्बन ओढून घेतो.

तोंड दिवसभर आ वासलेलं, अंग बुळबुळीत, वास येतोय, असं असेल तर तेवढंच एक मश्रूम तडक बाहेर काढा, अमोनिया तपासा, पाणी बदला. माशांना तांब्याचं औषध द्यायचं असेल तर वेगळ्या टँकमध्ये. मुख्य टँकमध्ये तांबं गेलं की कोरल वाचत नाहीत.

एका दिवशी एकच गोष्ट बदला. आज फ्लो, उद्या लाइट. सगळं एकदम फिरवलंत तर कशानं फरक पडला ते कळणार नाही. आणि मश्रूम नीट उघडेपर्यंत त्याला खायला घालू नका.

दगड सोडून तरंगायला लागलेलं मश्रूम बहुतेक वेळा जागा आवडली नाही म्हणून निघालेलं असतं. सुपरग्लू त्या चिकट अंगाला धरत नाही. प्लास्टिकच्या लहान डब्यात दगडाचे खडे टाका, त्यावर मश्रूम ठेवा, वर जाळी बांधा आणि डबा कमी फ्लोच्या कोपऱ्यात ठेवा. एक-दोन आठवड्यांत ते एखाद्या खड्याला धरतं. जुन्या दगडावर त्याचा पातळ तुकडा उरला असेल तर घासू नका, त्यातून नवं मश्रूम येतं.