ट्रेलरवर मोटरसायकल बांधताना या चुका टाळा

गाडी ट्रेलरवर किंवा पिकअपच्या हौद्यात घालून नेण्याची वेळ गोव्यात बऱ्याच जणांवर येते. कुणाची जुनी बुलेट बेळगावच्या मेकॅनिककडे जायची असते, कुणाची पुण्याला बदली झालेली असते, कुणाला कोइम्बतूरच्या ट्रॅकवर गाडी पळवायची असते. आणि २०१३ साली वागातोरला इंडिया बाइक वीक सुरू झाल्यापासून ट्रेलरवर बसून गोव्यात येणाऱ्या गाड्याही ओळखीच्या झाल्या आहेत. बांधायचं काम मात्र बहुतेक वेळा भाड्याच्या पिकअपचा चालकच उरकतो. हाताला लागेल तो दोर चार ठिकाणी गुंडाळायचा, सीट धरून एकदा हलवून बघायचं, "कांयच जावचें ना" म्हणायचं आणि निघायचं. दारात उभ्या असलेल्या ट्रेलरवर गाडी खरंच हलत नाही. ती हलते साखळी आणि केरी ही गावं मागे टाकून चोर्ला घाटाची वळणं सुरू झाली की.

बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे. आपण गाडीला नुसती जागेवर अडकवतो, तिला खाली दाबत नाही. पुढचे पट्टे ओढले की फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारे दोन दांडे, दबतो आणि त्यातली स्प्रिंग गाडीला सतत वर ढकलत राहते. पट्टे ताठ राहतात ते या ढकलण्यामुळे. ट्रेलर खड्ड्यात आपटला, गाडी क्षणभर आणखी खाली बसली, तरी स्प्रिंग तिला लगेच वर आणते आणि पट्ट्याला ढील मिळत नाही. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं आपोआप कळत जातं.

स्टँडवर उभी करून बांधू नका

ही सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महागात पडणारी चूक. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कललेली असते, त्यामुळे दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे बसूच शकत नाहीत. पट्टा ओढाल तसा सगळा दाब स्टँडच्या बारक्या पायावर येतो. हौद्याचा पत्रा पोचतो, स्टँड वाकतो, नाहीतर तो जिथे बोल्टने धरलेला असतो तो कान तडकतो.

मेन स्टँडवर गाडी भक्कम उभी आहे असं वाटतं, पण तिथे धोका जास्त आहे. मागचं चाक अधांतरी असतं, त्यामुळे मागच्या शॉकअपचा काही उपयोग होत नाही. शिवाय मेन स्टँड मिटतो कसा ते आठवा: गाडी पुढे ढकलली की. ट्रेलर ओढणाऱ्या गाडीने करकचून ब्रेक मारला की मोटरसायकल नेमकी पुढेच जायला बघते. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो आहे. एवढं वजन स्टँडवरून उतरून पुढे आलं की ढिले दोर त्याला धरून ठेवत नाहीत.

म्हणून दोन्ही चाकं ट्रेलरच्या तळावर, गाडी सरळ उभी, दोन्ही स्टँड वर. यासाठी दोन माणसं लागतात, एकाने गाडी धरायची, दुसऱ्याने पट्टे ओढायचे. पुढचं चाक शक्यतो चॉकमध्ये, म्हणजे चाक अडकवायच्या लोखंडी खोबणीत, बसवा. चॉक नसेल तर ट्रेलरच्या पुढच्या भिंतीला टायर टेकवा आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी ठोकळे ठोका.

पट्टा कुठे अडकवायचा

हँडलच्या मुठी हाताला सोयीच्या असतात, म्हणून पट्टे तिथे जातात. मग रबर पिळवटतं, पट्टा घसरत घसरत क्लचच्या लिव्हरवर येतो आणि लिव्हर वाकतो. आरसे, इंडिकेटर, क्रॅश गार्डची टोकं आणि मागे बसणाऱ्याचे दुमडणारे फुटरेस्ट यांच्यावरही ओढ देऊ नका.

पुढची खरी जागा म्हणजे फोर्कचे दोन्ही पाय ज्या आडव्या तुकड्यात घट्ट बसवलेले असतात तो, मेकॅनिकच्या भाषेत खालचा टी. तिथे कापडी पट्टीचा मऊ फास घाला आणि रॅचेट पट्ट्याचा, म्हणजे खटक्या-खटक्याने ताणायच्या पट्ट्याचा, हूक त्या फासात अडकवा. लोखंडी हूक थेट टीवर अडकवला तर रंग जातो, आणि जरा ढील मिळताच हूक निसटतो. फास घालताना ब्रेकचा होज, क्लचची केबल किंवा वायरी मध्ये सापडत नाहीत ना, हे बोटाने चाचपून बघा. पट्टे ताणल्यावर हँडल थोडं डावी-उजवीकडे फिरवून बघितलं तर काही चिमटलंय का तेही कळतं. हँडल लॉक मात्र करू नका. लॉक केलेलं हँडल वाकडं राहतं, आणि सगळे धक्के त्या बारक्या खिळीवर जातात.

पट्टा गाडीपासून पुढे आणि बाहेर जायला हवा, साधारण ४५ अंशांत. ट्रेलरवर पट्ट्याचं दुसरं टोक अडकवायच्या दोन्ही कड्या चाकाला चिकटून असतील तर पट्टा जवळजवळ सरळ खाली जातो आणि गाडीला आडवा आधार मिळत नाही. अरुंद ट्रेलरवर ही अडचण हमखास येते. अशा वेळी कड्या चासीच्या कडेला वेल्ड करून घेतलेल्या बऱ्या. पिकअपच्या पत्र्याच्या दुमडीत हूक अडकवणं सोपं असतं, पण पत्रा उकलतो.

मागचे दोन पट्टे गाडीचा मागचा भाग आडवा सरकू नये म्हणून असतात. ते चेसिसच्या नळीला किंवा स्विंगआर्मला, म्हणजे चिमट्याला, लावायचे. सीटवरून आडवा दोर टाकून दाबणं हा काही उपाय नाही, त्याने फक्त सीटचं कव्हर फाटतं. सायलेन्सर तापलेला असेल तर तो निवेपर्यंत थांबा, कारण पट्ट्याचा धागा गरम धातूला लागला की वितळतो.

स्कूटर असेल तर थोडं वेगळं. ॲक्टिवासारख्या गाडीच्या हँडलवर प्लास्टिकचं कव्हर असतं, ओढ बसली की त्याचे लॉक तुटतात. फूटबोर्डखालची चेसिसची नळी आणि मागची बोल्टने बसवलेली पकडायची कडी या दोन जागा भक्कम आहेत. पुढचं चाक चॉकला वेगळ्या पट्ट्याने बांधा, आणि ब्रेकचा लिव्हर रबराने आवळून ठेवा.

किती दाबायचं

फोर्कच्या चकचकीत दांड्याचा हलणारा भाग साधारण एक तृतीयांश ते अर्धा आत गेला की पुरे. त्याहून कमी दाबला तर मोठ्या गतिरोधकावर पट्टा सैल पडून हूक सुटू शकतो. अगदी तळाला नेला तर स्प्रिंगला खेळायला जागाच उरत नाही, प्रत्येक धक्का थेट टीवर आणि पट्ट्यावर जातो, आणि आतला दाब फोर्कमधलं तेल अडवणाऱ्या ऑइल सीलवर येतो. लांब फोर्कच्या ऑफ-रोड गाड्यांसाठी टायर आणि मडगार्डच्या मध्ये लाकडी ठोकळा घालायची पद्धत आहे, म्हणजे ठरावीक जागेच्या खाली फोर्क जातच नाही.

पट्टे ओढताना गाडी न्यूट्रलला ठेवा, म्हणजे ती चॉकमध्ये नीट पुढे बसेल. काम झाल्यावर पहिल्या गिअरमध्ये टाका. डावा पट्टा एकदम पूर्ण ताणून मग उजवा धरू नका. दोन-तीन खटके इकडे, दोन-तीन तिकडे, असं करत जा. गाडी एका बाजूला झुकलेली दिसली तर झुकलेल्या बाजूचा पट्टा आधी थोडा सोडा आणि मग दुसऱ्या बाजूचा ओढा. नुसताच दुसऱ्या बाजूचा ओढत राहिलात तर फोर्क गरजेपेक्षा जास्त दबतो.

दोर, पाऊस आणि पट्ट्याची ताकद

गोव्यात जून ते सप्टेंबर गाडी न्यायची असेल तर नायलॉनच्या दोराचा विचारच सोडा. नायलॉन पाणी शोषतो आणि ओला झाला की ताणला जातो. म्हापशात कोरड्यात करकचून बांधलेली गाडी घाटातल्या पावसात ढिली पडते, आणि चालकाला वाटतं की गाठ सुटली. पॉलिएस्टरचा पट्टा फारसं पाणी पीत नाही आणि कमी ताणला जातो. रॅचेटचे पट्टे म्हणूनच घ्यायचे.

विकत घेताना पाकिटावरचा मोठा आकडा बघून भुलू नका. तो बहुधा पट्टा तुटण्याचा आकडा असतो. वापरायचा भार साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच धरतात. पट्ट्यावर असं लेबलच नसेल तर तो सामान बांधायला ठेवा, गाडीला नको. रॅचेटच्या रिळावर किमान दोन पूर्ण वेढे बसले पाहिजेत, पण ढीगभर गुंडाळलात तर रॅचेट अडकतो आणि मुक्कामाला पोचल्यावर उघडत नाही. म्हणून रिळात घालण्याआधीच पट्टा हाताने ओढून जास्तीची ढील काढून टाका. उरलेलं टोक गुंडाळून बांधा. वाऱ्याने फडफडणारं टोक चाकाखाली जातं किंवा रंगावर आपटत राहतं. ताडपत्रीचंही तेच. सैल ताडपत्री झुआरी पुलावरच्या वाऱ्यात शिडासारखी फुगते आणि टाकीचा रंग घासून काढते. त्यापेक्षा गाडी उघडी नेलेली चांगली.

चढवताना

फळी ओली असेल तर चढवू नका. फळीचं वरचं टोक ट्रेलरला पट्ट्याने बांधा, नाहीतर मागचं चाक फळीवर आलं की फळी मागे सरकते आणि गाडी पोटावर बसते. इंजिन चालू करून, स्वार होऊन चढवण्याचा मोह होतो. पण वर पोचल्यावर पाय टेकायला जमीन नसते. डाव्या बाजूने चालत, पुढच्या ब्रेकवर बोट ठेवून, मागून एकाचा हात घेऊन चढवा. पेट्रोल कमीच ठेवा, आणि जुन्या बुलेटला पेट्रोलचा कॉक असेल तर तो बंद करा.

दुसरी गोष्ट ट्रेलरच्या समतोलाची. एकच गाडी असेल तर ती मधोमध, आणि वजन एक्सलच्या किंचित पुढे हवं. ट्रेलर आणि गाडी मिळून ४०० किलो होत असतील तर त्यातले ४० ते ६० किलो जोडणीच्या गोळ्यावर, म्हणजे ओढणाऱ्या गाडीला ट्रेलर जिथे अडकवतात तिथे, यायला हवेत. छोट्या ट्रेलरला ते घरच्या वजनकाट्यावरही मोजता येतं. वजन मागे गेलं की महामार्गावर ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. तसं झालं तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि वेग आपसूक उतरू द्या. जोराचा ब्रेक मारू नका.

थांबून बघणे

पट्टे पहिल्या काही किलोमीटरमध्येच बसतात आणि थोडे ढिले पडतात. धागा ताणला जातो, टायर चॉकमध्ये आणखी रुततो, शॉकअप आपली जागा घेतात. म्हणून लवकर थांबायचं. म्हापशाहून सावंतवाडीकडे निघालात तर कोलवाळला, पणजीहून बेळगावला तर साखळीला, मडगावहून अनमोडमार्गे जात असाल तर मोलेला, घाट लागायच्या आधी. काणकोणच्या वाटेवर करमल घाटाआधी बाळ्ळीत. चारही पट्टे अंगठ्याने दाबून बघा, हूक आपल्या कडीतच आहेत ना ते बघा. चालकाला कंटाळा येतो, घाई असते, तरी हट्ट धरा. गाडी तुमची आहे. तिची कागदपत्रंही जवळ ठेवा, सीमेवरच्या नाक्यावर विचारतात.

उतरवताना आणि नंतर

गाडीवर एक माणूस हात ठेवून उभा असेल तरच पट्टे सोडा, आधी मागचे आणि मग पुढचे. पहिला पुढचा पट्टा सुटताच फोर्क एका बाजूने उसळतो आणि गाडी दुसरीकडे झुकते, तेव्हा धरणारा त्याच बाजूला हवा. फोर्कच्या दांड्यावर तेलाचं वर्तुळ दिसलं तर पुसून थोडी चालवून बघा. कधी सीलखाली धूळ अडकलेली असते, साफ केल्यावर गळती थांबते. वर्तुळ पुन्हा आलं तर सील बदलायला लागेल. पुढच्या डिस्कला तेल लागलं असेल तर ते साफ केल्याशिवाय गाडी चालवू नका.

आणि पट्टे तसेच चिखलात टाकून देऊ नका. आपल्याकडच्या खाऱ्या हवेने रॅचेटची दातरी गंजते आणि पुढच्या वेळी खटका अर्धाच बसतो. गोड्या पाण्याने धुवा, वाळवा, रॅचेटच्या पिनला तेलाचा थेंब द्या, सावलीत टांगा. उन्हाने पट्ट्याचा धागा कडक आणि फिका होतो. कडेला काप गेलेला किंवा शिवण उसवलेला पट्टा कापूनच टाका, म्हणजे चुकून दुसऱ्या कुणाच्या हाती लागणार नाही.