लंडन-न्यूयॉर्कचं घड्याळ सरकतं तेव्हा डेटाबेसमध्ये या चुका टाळा

रत्नागिरी-देवगडला बसून परदेशातल्या आंबा व्यापाऱ्यांच्या ऑर्डरचं सॉफ्टवेअर सांभाळत असाल तर हे नक्की वाचा, कारण तिकडची घड्याळं ऐन हापूसच्या सीझनमध्येच उन्हाळ्यासाठी एक तास पुढे जातात. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि ब्रिटन-युरोपात शेवटच्या, म्हणजे २०२६ ला ८ आणि २९ मार्च. आपलं घड्याळ वर्षभर हलत नाही म्हणून कोडमध्ये सरळ साडेपाच तास वजा करून मोकळं व्हायची सवय लागते आणि घोळ तिथूनच सुरू होतो, लंडनशी आपला फरक उन्हाळ्यात साडेचारच तास असतो. ऑफसेट (तासांचा ठराविक फरक) लिहूच नका, युरोप/लंडन असं झोनचं पूर्ण नाव द्या. आयएसटी (आपली भारतीय वेळ) वगैरे शॉर्टफॉर्म पण नकोत, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डीफॉल्ट यादीत आयएसटी म्हणजे इस्रायलची वेळ आहे!

खरं नुकसान ऑक्टोबरमध्ये होतं. २५ ऑक्टोबर २०२६ ला लंडनला रात्री दोन वाजायच्या ऐवजी परत एक वाजणार (आपल्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा), म्हणजे एक ते दोन हा तास दोनदा येतो. मायएसक्यूएल या डेटाबेसच्या डेटटाइम कॉलममध्ये (त्यात झोन साठवला जात नाही) तुम्ही लंडनची वेळ टाकत असाल तर दीडची ऑर्डर पहिल्या दीडची की दुसऱ्या, हे नंतर कुठलीच क्वेरी सांगू शकत नाही. ऑर्डर १:५० ला, पेमेंट वीस मिनिटांनी, पण नोंद १:१० ची, आणि रिपोर्टमध्ये पैसे ऑर्डरच्या चाळीस मिनिटं आधी आलेले दिसतात. म्हणून घडून गेलेली प्रत्येक वेळ यूटीसीमध्येच (जगभर एकच असलेली, कधी न सरकणारी वेळ) ठेवा, पोस्टग्रेसला टाइमस्टॅम्पटीझेड हा कॉलमचा प्रकार वापरा. मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प पण चालतो, फक्त तो जानेवारी २०३८ ला संपतो हे लक्षात असू द्या.

मार्चमध्ये उलटं होतं. २९ तारखेला लंडनला रात्रीचा दीड वाजतच नाही. सेशनचा (डेटाबेसच्या चालू जोडणीचा) झोन लंडन असेल तर स्ट्रिक्ट मोडमधलं (चुकीची नोंद नाकारणारं) मायएसक्यूएल टाइमस्टॅम्प कॉलमला १२९२ एरर देतं, आणि लोक तासन्‌तास सीएसव्ही फाइल तपासत बसतात, फाइलमध्ये काहीच चूक नसते, आधी सेशनचा झोन बघा. पोस्टग्रेस तर एरर पण देत नाही, गुपचूप अडीच करून टाकतं, मला हे जास्त धोक्याचं वाटतं. रात्रीचे बॅकअप, हिशेबाचे जॉब पण लंडनच्या एक ते दोनमध्ये लावू नका. आणि कन्व्हर्ट-टीझेड (एका झोनची वेळ दुसऱ्यात बदलणारं फंक्शन) नल, म्हणजे रिकामं उत्तर, देत असेल तर बहुतेक मायएसक्यूएलमध्ये झोनची टेबलंच भरलेली नाहीत.

पुढच्या तारखांचं मात्र वेगळं आहे. पुढच्या सीझनची डिलिव्हरी लंडनला सकाळी नऊला ठरली असेल तर तिथली वेळ आणि झोनचं नाव दोन्ही साठवा, नुसतं यूटीसी नको, कारण सरकारं नियम बदलतात, मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागात घड्याळ सरकवणं बंद केलं, इजिप्तने २०२३ ला परत चालू केलं. त्यामुळे टीझेडडेटा (झोनच्या नियमांची यादी) अपडेट ठेवा. नुसतं ओएस अपडेट करून मायएसक्यूएलची टेबलं बदलत नाहीत, ती परत लोड करावी लागतात, आणि जावाची झोनची यादी वेगळी असते, ती पण तपासा.