बाळासाठी परवडणारी आणि सोयीची हाय चेअर कशी निवडावी

बाळाच्या जेवणाची उंच खुर्ची, म्हणजेच हाय चेअर, दिवसातून तीन-चार वेळा वापरली जाते आणि प्रत्येक वेळी खरकटी होते. खरेदीच्या वेळी मात्र तिचा रंग, तिची गुबगुबीत गादी आणि खोक्यावर छापलेली सोयींची यादी यांकडेच आधी लक्ष जाते. खुर्ची कलंडू नये, बाळ तिच्यातून निसटू नये, त्याला पाय टेकवून ताठ बसता यावे आणि जेवण झाल्यावर ती चटकन स्वच्छ व्हावी, एवढीच तिच्याकडून खरी अपेक्षा असते. या गोष्टी साध्या, स्वस्त खुर्चीतही मिळू शकतात आणि भरपूर पैसे मोजूनही त्यांतली एखादी राहून गेलेली असू शकते. त्यामुळे किंमत पाहण्यापूर्वी पुढील क्रमाने विचार करावा.

खरेदीची घाई करू नये

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार बाळाला वरचे अन्न सुमारे ६ महिन्यांचे झाल्यावर सुरू करावे. त्याआधी हाय चेअर घरात आणली, तर ती नुसती जागा अडवून बसते. वयापेक्षाही बाळाची तयारी महत्त्वाची असते. बाळाने मान पक्की धरलेली असावी, थोड्या आधाराने ते ताठ बसू शकत असावे आणि समोरच्या वस्तूकडे हात नेऊन ती तोंडापर्यंत आणत असावे. जे बाळ खुर्चीत बसवताच एका बाजूला कलते किंवा पुढे वाकते, त्याला आणखी काही आठवडे मांडीवर घेऊनच भरवणे योग्य ठरते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत किंवा स्नायूंच्या वाढीसंबंधी काही अडचण असल्यास खुर्ची केव्हा आणि कोणती वापरावी, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

थांबण्याचा एक फायदा असाही आहे की, तोपर्यंत बाळाची चण लक्षात येते आणि शक्य असल्यास त्याला दुकानात प्रत्यक्ष बसवून पाहता येते.

जागा मोजून प्रकार ठरवावा

घरात खुर्ची कुठे राहणार, हे आधी निश्चित करावे. हाय चेअरचे पाय बैठकीपेक्षा बाहेर पसरलेले असतात आणि ते तसेच असायला हवेत, परंतु त्यामुळे ती दिसते त्यापेक्षा बरीच जास्त जागा घेते. माहितीपत्रकात दिलेल्या लांबी-रुंदीचा जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा कापून जमिनीवर अंथरावा आणि त्याच्या आजूबाजूने ये-जा करून पाहावी. भरवणाऱ्या माणसाला बसायला लागणारी जागा अनेकदा हिशेबात धरायची राहून जाते. तीही धरावी.

जागा पुरेशी असेल, तर चार पायांची, न घडी होणारी साधी खुर्ची सर्वांत निर्धोक आणि बहुधा सर्वांत स्वस्त पडते. रोज उचलून ठेवणे भाग असेल, तर घडीची खुर्ची घ्यावी. मात्र उघडल्यावर तिची कळ स्पष्टपणे बसते का आणि बाळ आत असताना ती चुकून मिटू शकते का, हे स्वतः उघडझाप करून तपासावे. काही खुर्च्या उघडायला इतक्या किचकट असतात की आठवडाभराने त्या कायमच्या उघड्याच राहतात आणि घडीसाठी मोजलेले जास्तीचे पैसे वाया जातात.

मोठ्या माणसांच्या खुर्चीवर पट्ट्यांनी बांधायची बूस्टर बैठक हा खरोखर स्वस्त आणि प्रवासातही उपयोगी पडणारा पर्याय आहे. ती बाळ स्वतःहून नीट बसू लागल्यानंतरच वापरावी. ज्या खुर्चीवर ती बांधायची, ती जड आणि चांगल्या पाठीची असावी. स्टूल, घडीची खुर्ची किंवा हलकी प्लास्टिकची खुर्ची यासाठी चालणार नाही. एक पट्टा बैठकीखालून आणि दुसरा पाठीमागून, असे दोन्ही पट्टे घट्ट आवळले गेले पाहिजेत.

टेबलाच्या कडेला अडकवायची बैठकही मिळते. तिचा सगळा भार टेबलावर येत असल्यामुळे काचेचे टेबल, मधोमध एकच खांब असलेले टेबल किंवा ज्याची फळी सुटी आहे असे टेबल यांना ती कधीही लावू नये. टेबलावर कापड अंथरलेले असेल, तर ते आधी काढावे. या बैठकीखाली दुसरी खुर्ची ठेवण्याचा मोहही टाळावा, कारण बाळ त्या खुर्चीवर पाय रेटून बैठक टेबलावरून निसटवू शकते.

स्थिरता आणि पट्टे

हाय चेअरमुळे होणाऱ्या अपघातांत बाळ खाली पडण्याचे प्रमाण सर्वांत मोठे आहे आणि ते मुख्यतः दोन प्रकारे पडते. एक तर ते खुर्चीत उभे राहते किंवा तिच्यातून निसटते, नाहीतर टेबलाला अथवा भिंतीला पायांनी रेटा देऊन ते खुर्चीसकट कलंडते. म्हणून या बाबतीत कुठलीही तडजोड करू नये.

दुकानात खुर्ची सपाट फरशीवर ठेवून बैठकीच्या वरच्या कडेला धरून ती पुढे, मागे आणि दोन्ही बाजूंना हलवून पाहावी. पाय जितके बाहेर पसरलेले, तितकी ती कलंडायला अवघड असते. चाके असतील, तर प्रत्येक चाकाचा किंवा निदान दोन चाकांचा ब्रेक घट्ट लागतो का, ते पाहावे. माझ्या मते लहान घरात चाकांची गरजच नसते आणि ती नसलेली खुर्ची स्वस्तही पडते.

पट्ट्यांचे दोन प्रकार असतात. तीन टोकांचा पट्टा कंबर आणि मांड्यांच्या मधून जातो, तर पाच टोकांचा पट्टा त्याखेरीज दोन्ही खांद्यांवरूनही येतो. उभे राहण्याची धडपड करणाऱ्या बाळाला पाच टोकांचा पट्टा अधिक चांगला आवरतो. पट्ट्याइतकाच महत्त्वाचा भाग म्हणजे दोन्ही मांड्यांच्या मधला उभा खुंटा. पट्टा लावायचा राहून गेला, तरी या खुंट्यामुळे बाळ ट्रेखालून सरकून जात नाही. कंबर खाली घसरली आणि मान वर अडकली, तर जिवावर बेतू शकते. म्हणून हा खुंटा नसलेली खुर्ची कितीही स्वस्त असली, तरी घेऊ नये. ट्रे लावला की पट्ट्याची गरज नाही, हा समज धोकादायक आहे. ट्रे अन्न ठेवण्यासाठी असतो आणि बाळाच्या रेट्याने तो निघू शकतो.

बकल मोठ्या माणसाला सहज उघडता यावे, पण बाळाला उघडता येऊ नये. सांध्यांमधल्या फटी आणि भोके बोटाने चाचपून पाहावीत. बाळाचे बोट आत जाऊन अडकेल अशी फट, टोकदार कडा किंवा लाकडाची निघालेली कुसळे दिसली, तर ती खुर्ची बाजूला ठेवावी. युरोपात हाय चेअरसाठी ‘ईएन १४९८८’ आणि अमेरिकेत ‘एएसटीएम एफ४०४’ ही सुरक्षा मानके आहेत. वेष्टनावर किंवा बैठकीखालच्या लेबलावर आपल्या देशाचे अथवा यांपैकी एखादे मानक छापलेले असेल, तर खुर्चीची मजबुती, स्थिरता आणि पट्टे यांची ठरावीक कसोटी डोळ्यांपुढे ठेवून ती बनवली आहे, एवढे तरी कळते.

पाय टेकणे

ही बाब विक्रेते क्वचितच सांगतात आणि बहुतेक पालकांना ती खरेदीनंतर उमगते. पाय लोंबकळत असले की बाळाची कंबर पुढे घसरते, ते एका बाजूला झुकते आणि तोल सावरण्यातच त्याची शक्ती जाते. पाय टेकलेले असले, तर धड स्थिर राहते आणि हात व तोंड घास धरण्यासाठी, चावण्यासाठी आणि गिळण्यासाठी मोकळे होतात. कंबर, गुडघे आणि घोटे हे तिन्ही सांधे साधारण काटकोनात असावेत, अशी सोपी कसोटी आहारतज्ज्ञ आणि थेरपिस्ट सांगतात. याचा अर्थ असा की पाय टेकण्याची फळी नुसती असून भागत नाही, ती वरखाली करता यायला हवी. एकाच उंचीवर पक्की बसवलेली फळी ६ महिन्यांच्या बाळाच्या पायांपर्यंत पोहोचतच नाही.

बैठक आणि पायफळी दोन्ही खाचांमध्ये वरखाली सरकवता येतात, अशी लाकडी खुर्ची ‘ट्रिप ट्रॅप’ या नावाने नॉर्वेत १९७२ मध्ये बाजारात आली. पीटर ऑप्सविक यांची ती रचना पुढे अनेक उत्पादकांनी आपापल्या परीने उचलली आणि आज त्या धर्तीच्या कमी किमतीच्या खुर्च्याही मिळतात. साध्या प्लास्टिकच्या खुर्चीला पायफळी नसेल, तर खुर्चीच्या पायांवर आवळून बसवायची सुटी फळी घेता येते. ती भक्कम बसते आणि गरगर फिरत नाही, याची खात्री करावी. पायांखाली सुटे स्टूल ठेवू नये.

ट्रेची उंचीही अशीच तपासावी. बाळाचे खांदे सैल असताना कोपर ट्रेवर सहज टेकले पाहिजेत. ट्रे बगलेपर्यंत येत असेल, तर बाळाला समोरचे अन्न नीट दिसत नाही आणि त्याचे खांदे सतत उचललेले राहतात.

धुण्याचा विचार

मऊ शिजवून कुस्करलेले अन्न शिवणीत, बकलच्या खाचेत आणि गादीच्या दुमडीत शिरते आणि दुसऱ्या दिवशी तिथे आंबते. म्हणून एकसंध, गुळगुळीत बैठक असलेली आणि कमीत कमी खाचा असलेली खुर्ची निवडावी. जाड फोमची गादी दिसायला छान असते, परंतु तिच्यावरचे रेक्झिन कालांतराने फाटते आणि उघडा पडलेला फोम कुरतडायला बाळांना फार आवडतो; त्याचा तुकडा घशात अडकू शकतो. पट्टे काढून धुता येतात का, हे विचारावे. ट्रे एका हाताने निघाला पाहिजे, कारण दुसऱ्या हाताने बाळाला धरलेले असते. तो घरच्या सिंकमध्ये मावतो का, हेही मोजून पाहावे.

मागे रेलणारी पाठ, खेळण्यांची कमान, पेल्यासाठी खाच, एका खुर्चीतून सहा प्रकार करण्याची सोय, यांसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही. रेललेल्या अवस्थेत बाळाला भरवणे तर टाळावेच, कारण त्यामुळे घास घशात अडकण्याचा धोका वाढतो.

किमतीचा हिशेब

खुर्ची किती महिने वापरली जाईल, यावर ती स्वस्त की महाग हे ठरते. ट्रेची साधी खुर्ची साधारण ६ महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत, म्हणजे १८ महिने नियमित लागते; त्यानंतर बहुतेक मुले सर्वांबरोबर टेबलाशी बसायचा हट्ट धरतात. वाढत्या वयानुसार बदलणारी खुर्ची तिच्या चौपट किमतीची असेल, तर तिचा मासिक खर्च तितकाच पडण्यासाठी ती ७२ महिने, म्हणजे सहा वर्षे वापरात राहिली पाहिजे. घरात उंच टेबल असेल आणि दुसऱ्या मुलाचा विचार असेल, तर हे शक्य आहे. टेबलच नसेल किंवा घर वारंवार बदलावे लागत असेल, तर साधी खुर्चीच परवडते.

वजनाची मर्यादाही वाचावी. अनेक खुर्च्यांवर ती १५ किलो असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार तीन वर्षांच्या मुलाचे सरासरी वजन सुमारे १४ किलो भरते. याचा अर्थ ‘पाच वर्षांपर्यंत चालेल’ असे सांगितले जात असले आणि लेबलावर १५ किलो लिहिलेले असले, तर लेबलावर विश्वास ठेवावा.

वापरलेली खुर्ची घेणे हा खर्च वाचवण्याचा उत्तम मार्ग आहे, पण तो डोळसपणे अनुसरावा. खुर्ची उलटी करून उत्पादकाचे नाव, मॉडेल आणि निर्मितीचे वर्ष पाहावे आणि त्या मॉडेलमध्ये दोष आढळून ते परत मागवले गेले आहे का, हे इंटरनेटवर शोधावे. प्लास्टिकला तडा, गंजलेला स्क्रू, विरलेला पट्टा किंवा बाजारातून आणून बसवलेले भलतेच बकल दिसले, तर ती फुकट मिळाली, तरी नाकारावी. ज्या खुर्चीचे मूळ पट्टे हरवले आहेत, तिचे पट्टे उत्पादकाकडून मिळत असतील, तरच तिचा विचार करावा.

घरी आणल्यावर

खुर्ची जोडल्यानंतर बाळाला बसवण्याआधी तिच्यावर दाब देऊन सर्व सांधे तपासावेत. ती टेबल, भिंत आणि ओटा यांपासून इतकी दूर ठेवावी की बाळाचे पाय तिथे पोहोचणार नाहीत. शेगडी, पडद्यांच्या दोऱ्या आणि विजेच्या वायरी हाताच्या टप्प्यात येऊ नयेत. पहिले काही दिवस बैठक सैल वाटत असेल, तर टॉवेलची गुंडाळी करून ती कमरेच्या दोन्ही बाजूंना लावावी. पट्टा बाळ आणि पट्टा यांमध्ये एक-दोन बोटे जातील इतका घट्ट असावा, आणि कपडे जाड किंवा पातळ घातले की तो पुन्हा बेताचा करून घ्यावा. जेवण संपेपर्यंत एक मोठे माणूस शेजारी बसलेले असावे. महिन्यातून एकदा सर्व स्क्रू आवळावेत आणि त्याच वेळी बाळाच्या उंचीनुसार पायफळी एक खाच खाली घ्यावी लागेल का, तेही पाहावे.