धडकलेली जुनी गाडी: डेंटिंग-पेंटिंग शिकायला येणाऱ्यांसाठी

जुन्या गाड्यांचं काम शिकायला येणाऱ्या मुलांची नजर आधी स्प्रे गनवर जाते. पण धडकलेली दुर्मिळ गाडी पत्र्यावर वाचते, रंगावर नाही. बडोद्यात माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो.

दांडिया बाजारातल्या एका काकांची स्टँडर्ड हेराल्ड आली होती. टेम्पोने डावा कोपरा दाबलेला. मद्रासला बनलेली गाडी, मूळ मॉडेल इंग्लंडच्या ट्रायंफचं, रेखाटन इटलीच्या मिकेलॉत्तीचं. हिचं बॉनेट दोन्ही मडगार्डांसकट एकसंध पुढे उलटतं. त्यामुळे एका कोपऱ्याला लागलं की अख्खं तोंड फिरतं, आणि नवं कुठून आणणार? काकांचा मुलगा म्हणाला, "दादा, भंगारातल्या गाडीचं तोंड बसवून टाका ना." मी नाही म्हटलं. मूळ पत्रा सुधारण्याजोगा असेल तर तोच ठेवायचा. जुन्या गाडीची किंमत त्यातच असते.

आधी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा. हेराल्डला ती बॉडीपासून वेगळी असते. दोन्ही बाजूंचे ठरावीक बोल्ट धरून तिरके कर्ण मोजा. त्यात फरक निघाला तर चॅसी खेचून सरळ होईपर्यंत बॉनेटला हात लावू नका. नाहीतर दाराजवळची फट कधीच जुळणार नाही.

मग पत्रा. मार ज्या क्रमाने बसला, त्याच्या उलट क्रमाने तो काढायचा. पोच्याच्या कडेला उठलेली घडीच मधला खड्डा अडकवून ठेवते. खाली डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून ती घडी हलक्या हाताने बसवत नेली की मधला भाग बराचसा आपोआप वर येतो. थेट खड्ड्यावरच हातोडा घातला तर पत्रा ताणतो आणि दाबल्यावर डब्याच्या झाकणासारखा टकटक वाजतो. असा ताण काढायला छोटासा ठिपका लाल तापवायचा, भोवती हलके ठोके द्यायचे आणि ओल्या फडक्याने थंड करायचा, पत्रा आक्रसतो. एकदम मोठा भाग तापवू नका, पत्रा वेडावाकडा होईल.

तपासताना तळव्याखाली सुती फडकं घ्या आणि चांगल्या भागापासून सुरुवात करून दुरुस्त केलेल्या भागावरून लांब हात फिरवा. बोटांच्या टोकांना न कळलेला चढउतार तळव्याला कळतो. ही जाण यायला महिने लागतात, त्याला इलाज नाही. पुट्टी पातळच हवी. जाड थर पुढे तडकतो. जुन्या गाड्यांच्या सांध्यांत शिसं भरलेलं असू शकतं. तिथे ग्राइंडर चालवू नका, ती धूळ विषारी असते.

रंगाआधी जुना थर ओळखा. थिनरचं फडकं घासल्यावर रंग सुटून आला तर बहुधा लॅकर, म्हणजे नुसतं थिनर उडून वाळणारा रंग. त्यावर थेट कडक थिनरचा नवा रंग मारला तर जुना थर सुरकुततो. शेड जुळवायला उन्हाने उडालेलं छप्पर नको. दाराच्या रबराखालचा भाग पॉलिश करून नमुना घ्या. पावसाळ्यात बडोद्याच्या दमट हवेत लॅकर मारू नये. थिनर उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका पडतो.

आता फुप्फुसांचं. टूके म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा दोन भागांचा रंग. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याने दमा लागतो आणि एकदा लागला की थोडासा वासही सोसत नाही. नाकाला रुमाल बांधून फवारणी करणारे कारागीर आजही दिसतात, तेव्हा जीव तुटतो. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क मालक देत नसेल तर तिथे गन हातात घेऊ नका.

कागदपत्रंही समजून घ्या. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते आणि नंबरात 'व्हीए' येतं. पण गाडीत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत. विम्याचा दावा असेल तर सर्वेअर येऊन जाईपर्यंत एकही बोल्ट खोलू नका आणि प्रत्येक भागाचे फोटो काढून ठेवा.

आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर आणि पेंटिंगचे ट्रेड आहेत. पाया चांगला होतो. सोबत भंगारवाल्याकडून एखादं जुनं मडगार्ड आणा, त्याला स्वतः पोचे पाडा आणि पुट्टी न वापरता काढा. माझ्याकडे शिकायला येणार असाल तर तेच मडगार्ड घेऊन या. रंग मारलेलं नको, उघडा पत्राच बघायचा आहे.